वादळाची कथा लिहिताना या चुका टाळा

गोव्यातील एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून निवडण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, आणि २०२१ नंतर त्यांत वादळाच्या व पुराच्या कथा ठळकपणे दिसू लागल्या आहेत. त्यांची भाषा बहुधा चांगली असते, पण आपत्तीचे वेळापत्रक चुकते. लेखक वादळाची रात्र पंधरा पाने रंगवतो आणि उजाडले की कथा आटोपती घेतो. घरातल्या माणसांची खरी ओढाताण मात्र उजाडल्यावर सुरू होते.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यावर आदळलेच नव्हते. ते समुद्रातूनच उत्तरेकडे सरकले आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या भूमीवर चढले. तरीही येथे झाडे वीजवाहिन्यांवर कोसळली, गावेच्या गावे अंधारात गेली आणि पंप बंद पडल्यामुळे अनेक ठिकाणी नळही कोरडे झाले. तेव्हा वादळाचा डोळा पणजीच्या चर्च चौकावर आणून ठेवण्याचे काहीच कारण नाही. झाड पडले, तार तुटली, पंप थांबला, टाकी रिकामी झाली, मोबाइल विझला, ही साखळी कथेत आणा. परसात तुडुंब भरलेली विहीर आहे, पण पंप बसवल्यावर कप्पी काढून टाकलेली आणि दोर कुठे आहे ते कोणालाच आठवत नाही, अशा घराचे चित्र मला अजून एकाही कथेत भेटलेले नाही.

नायकाला कंदमुळे शोधत रानात पाठवणे ही दुसरी चूक. काही दिवस पोटभर अन्न मिळाले नाही तरी धडधाकट माणूस तग धरतो, पाण्यावाचून मात्र तीन-चार दिवसांतच जिवावर बेतते. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरले, तर चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी ४८ लिटर पाणी आधीच भरून ठेवावे लागते. पुराचे पाणी विहिरीत शिरले असेल, तर तेथील पाणी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळावे लागते, आणि त्यासाठी गॅस शिल्लक असावा लागतो. नायकाची बॅग तपासताना मला सुरी, दोरखंड आणि होकायंत्र सापडते. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सुटे पैसे आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रे सापडत नाहीत.

पुराच्या कथांतील सर्वांत मोठी उणीव भरती-ओहोटीची. गोव्यातील बऱ्याच कथांत पाणी रात्रभर एकसारखे चढत राहते. मांडवी आणि झुआरी या नद्यांत समुद्राचे पाणी बरेच आतपर्यंत शिरते, आणि उधाणाच्या भरतीला पातळीत सुमारे दोन मीटरांचा फरक पडतो. खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतांच्या, बांधांत पाणी अडवण्या-सोडण्यासाठी मानस असते; त्या मानशीची दारे भरतीच्या दाबाने मिटतात व ओहोटीला उघडतात. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले, तर पावसाचे पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही आणि ते शेतातून वस्तीत शिरते. काही तासांनी ओहोटी लागली की उतरू लागते, आणि पाऊस थांबला नसेल तर पुढच्या भरतीला पुन्हा चढते. कथेच्या तारखेची तिथी काढून भरतीच्या वेळा समोर ठेवल्या, तर बाहेर पडायचे ते केव्हा, या निर्णयाला आपोआप धार येते.

किरकोळ दुरुस्त्या अशा: पंधरा सेंटिमीटर खोलीचा वेगवान प्रवाह प्रौढ माणसाचे पाय उचलू शकतो आणि साठ सेंटिमीटरमध्ये बहुतेक मोटारी वाहून जातात, त्यामुळे बुडालेल्या सांकवावरून जीप नेणारा नायक शूर नव्हे, अविचारी ठरतो. बंद खोलीतला जनरेटर वास नसलेल्या विषारी वायूने जीव घेतो. साप चावल्यावर जखम चिरून विष चोखणे तर कथेतूनही कायमचे हद्दपार व्हावे.

गावकरी पिसाटल्यासारखे पळतात, दुकाने लुटतात आणि एकटा नायक शांत राहतो, हे चित्र आपल्याकडे चित्रपटांतून आले असावे. समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारान्टेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून अमेरिकेतील आपत्ती संशोधन केंद्रात केलेल्या अभ्यासांतून वेगळेच दिसले: अशी बेभान पळापळ क्वचितच होते आणि पहिली मदत बहुधा शेजारीच करतात. कोयता घेऊन वाटेतली फांदी तोडणारा आणि मोडलेल्या कौलांवर ताडपत्री टाकायला न बोलावता येणारा शेजारी ही तुमची पात्रे आहेत.

शेवटी कच्चा खर्डा तपासण्याची माझी रीत सांगतो. एका संध्याकाळी सात वाजता घराचे मेन स्विच बंद करा, मोबाइल बाजूला ठेवा, नळाला हात लावू नका आणि सकाळपर्यंत घर चालवून पाहा. ज्या ज्या ठिकाणी अडाल, त्याची नोंद मेणबत्तीच्या उजेडात करून ठेवा. अर्थात काडेपेटी सापडली तर.