पत्ता बरोबर, पिन भलतीकडे: नागपुरात रूट आखताना या चुका टाळा

डिलिव्हरीचा रूट आखायला ग्राहकांच्या पत्त्यांवरून अक्षांश-रेखांश काढावे लागतात. ते काढणाऱ्या अनेक सेवा ‘सापडलं नाही’ असं सहजासहजी सांगत नाहीत. घर मिळालं नाही तर गल्ली देतात, गल्ली नसेल तर वस्ती, तीही नसेल तर सरळ शहराचा मध्य. तुमच्या यादीत 21.1458, 79.0882 पुन्हापुन्हा दिसत असेल, तर ते पत्ते सापडलेलेच नाहीत. गुगल उत्तरासोबत अचूकताही कळवतं: ‘रूफटॉप’ म्हणजे नेमकं घर, ‘अप्रॉक्झिमेट’ म्हणजे नुसता परिसर. आपण दोन आकडे उचलतो आणि हे सोडून देतो. त्याचा वेगळा रकाना ठेवाच.

नागपूरची खरी अडचण म्हणजे ले-आऊट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्या. ‘प्लॉट नं. 42, अमुक सोसायटी ले-आऊट, मानेवाडा’ यातला 42 हा ले-आऊटच्या नकाशातला क्रमांक असतो, रस्त्यावरचा नव्हे. शेजारच्या ले-आऊटमध्येही 42 असतोच. इथे पत्ता कितीही नीटनेटका करा, फार फरक पडत नाही. ग्राहकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवा, आणि घरी असतानाच पाठवा असं आवर्जून सांगा. नाहीतर ऑफिसचं येतं.

‘मंदिराच्या मागे’, ‘शाळेसमोर’ हे ड्रायव्हरसाठी मोलाचं, पण शोधताना गोंधळ घालणारं. ते वेगळ्या रकान्यात हलवा. ‘बर्डी’चं सीताबर्डी करा. रामनगर नागपुरात आहे तसं वर्ध्यातही आहे, म्हणून शहर आणि पिनकोड हवाच.

आकड्यांचा क्रम तपासा. गुगल आधी अक्षांश घेतं, जिओजेसन (नकाशाचा डेटा साठवायची एक पद्धत) आधी रेखांश. उलटापालट झाली की नागपूरचा पिन थेट उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्ड बेटांपाशी जातो. एक्सेलमध्ये दशांश स्थळं दोनच उरली तर चूक अर्ध्या किलोमीटरहून जास्त होऊ शकते; पाच ठेवा.

पिन अचूक असूनही रूट फसतो तो वर्धा रोडवर. तिथे 2020 मध्ये सुरू झालेला डबल डेकर पूल आहे: खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. अक्षांश-रेखांशात उंची नसते. त्यामुळे खालच्या दुकानाचा पिन पुलाला चिकटू शकतो, आणि गाडी वर चढली की खाली उतरायला बरंच पुढे जावं लागतं. असे थांबे नकाशावर हाताने सर्व्हिस रोडवर सरकवा. पहिली डिलिव्हरी झाली की ड्रायव्हरला फाटकाशी उभं राहून लोकेशन घ्यायला सांगा आणि यादीतल्या जुन्या पिनच्या जागी ते टाका.