घरी बीपी मोजताना या चुका टाळा

जिना चढून यायचं, खुर्चीत टेकायचं आणि लगेच पट्टा गुंडाळायचा. मशीन १५८ दाखवतं आणि घरात धावपळ सुरू. अशा वेळी दोष सहसा मशीनचा नसतो.

आधी पट्टा बघा. त्यावर सेंटिमीटरमध्ये माप छापलेलं असतं, बऱ्याच मशीनसोबत २२ ते ३२चा येतो. शिवणाच्या टेपने दंडाचा घेर मधोमध मोजा. ३५ भरला तर हा पट्टा बीपी जास्तच दाखवणार. मोठा वेगळा मागवावा लागतो. पट्टा उघड्या दंडावर हवा, खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन बोटं वर. बाही गुंडाळल्यावर काचत असेल तर सरळ काढा.

हात मांडीवर ठेवणं ही सर्रास चूक. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंमी खाली गेला, की वरचा आकडा साधारण ७-८ने वाढतो. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर. चहा, तंबाखू किंवा व्यायामानंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या आणि ५ मिनिटं गप्प बसा. मोजताना "किती आलं गं?" हेही नको; बोलण्यानेसुद्धा आकडा चढतो.

एका आकड्यावरून काही ठरत नाही. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, दोन-दोनदा, मध्ये १ मिनिट सोडून, असं ७ दिवस लिहा. पहिला दिवस वगळून सरासरी काढा. १४०/९० ही बीपी जास्त धरण्याची दवाखान्यातली रेषा; घरची १३५/८५.

"नॉर्मल आलंय, आता गोळी कशाला?" अहो, नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच! अम्लोडिपिनने घोटे सुजले किंवा रामिप्रिलने कोरडा खोकला लागला तर डॉक्टर गोळी बदलून देतात, परस्पर बंद करू नका. कालची राहिली म्हणून आज दोन घेऊ नका. गुडघ्यासाठी मनानेच घेतलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही बीपी वाढवतं.

सैंधव हेही मीठच. लोणचं-पापडासकट दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

१८०/१२०च्या वर आकडा आला आणि त्रास काही नसेल, तर ५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, जीभ जड पडणं यातलं काहीही असेल तर मशीन बाजूला ठेवून १०८ लावा.