एका वेळी एकच घर: अंगणात जुनी विलीज पिकअप उभी करताना

गोव्यात साखळी गावी आमच्या घरामागे, फणसाखाली, आजोबांची विलीज पिकअप (जीप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीची, मागे हौदा असलेली गाडी) वीस-बावीस वर्षं उभी होती. गोवा मुक्त व्हायच्या आधी, १९५० च्या दशकात, ती मुरगाव बंदरात उतरली आणि कुळागरातली (घरच्या बागायतीतली) सुपारी, नारळ, काजूच्या गोणी वाहत राहिली. लहानपणी आम्ही भावंडं तिच्या हौद्यात खेळायचो. मी नोकरी करतो बँकेत. मोटारकामाचं शिक्षण नाही, आयटीआयही केलेलं नाही. तरी गाडी आज स्वतःच्या इंजिनावर चालते. नव्याने अशा कामाला हात घालणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण माझं पहिलं वर्ष पूर्ण वाया गेलं आणि ते वाचवता आलं असतं.

झालं असं, की मार्चमध्ये उत्साहाच्या भरात मी सगळी गाडी एकदम खोलली. बॉनेट, मडगार्ड, दरवाजे, रेडिएटर, ब्रेक ड्रम, सगळं बाहेर. बोल्ट एका मोठ्या डब्यात. मनात हिशेब असा, की पावसाच्या आत साफ करून जोडायला घेऊ. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा अर्धे भाग ताडपत्रीखाली, अर्धे गोणींत. सप्टेंबरमध्ये ताडपत्री उचलली तर चकचकीत घासून ठेवलेल्या पत्र्यावर तांबडी साय धरलेली, आणि डब्यातला कुठला बोल्ट कुठला ते मला अजिबात सांगता येईना.

तेव्हा डिचोलीचे एक म्हातारे मेस्त्री बघायला आले. त्यांनी जन्मभर जीपवर काम केलेलं. गोणींकडे बघून म्हणाले, "खोलायला सगळ्यांना येतं रे बाळा. एका वेळी एक घर उघड. ते पुरं करून बंद कर. मग दुसऱ्याला हात लाव." घर म्हणजे ब्रेक हे एक, इंधन हे एक, वायरिंग हे एक. मी आज जे काही सांगेन ते या एका वाक्यातूनच निघालेलं आहे. घरगुती काम अर्धवट राहतं ते बहुतेक वेळा पैशांमुळे नाही, तर गाडीचा ढीग झाल्यामुळे. ढिगाला हात लावायला मन धजत नाही.

गाडी विकत घेणार असाल तर आधी कागद बघा. आरसी बुकातला चासी नंबर आणि चासीवरचा नंबर स्वतः ताडून पाहा. गंजाखाली अक्षरं दिसत नसतील तर तारेच्या ब्रशने हलकं साफ करून कागद ठेवा आणि पेन्सिलीने ठसा घ्या. जुलै २०२१ पासून ५० वर्षांवरच्या खाजगी दुचाकी-चारचाकींची विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये फी आहे, नोंदणी १० वर्षांची असते. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांनाच. आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणून "डिझेल इंजिन बसवून टाक" हा सल्ला ऐकण्याआधी तुम्हाला गाडी कशासाठी हवी आहे ते ठरवा.

हत्यारांबद्दल एवढंच, की या गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला १३ चा पाना लागल्यासारखा वाटतो आणि गंजलेला बोल्ट फिरायच्या ऐवजी त्याची कड झिजते. मी अशी सहा डोकी खराब केली. इंची पान्यांचा सेट ही पहिली खरेदी. दुसरी खरेदी, चार मजबूत घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी आधार. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

आता इंजिन. आमच्या गाडीत हरिकेन नावाचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, सुमारे २,२०० सीसीचं. महिंद्राने भारतात परवान्यावर बनवलेल्या जीपमध्येही हेच इंजिन होतं, त्यामुळे त्याचे पिस्टन, रिंग, गॅस्केट अजून मिळतात. दिल्लीच्या काश्मिरी गेटला आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना माल शोधता येतो. फोनवर मागवण्यापेक्षा जुना भाग पिशवीत घालून स्वतः जा.

वीस वर्षं उभं असलेलं इंजिन बहुधा जाम झालेलं असतं. ते बॅटरी लावून सेल (स्टार्टर) मारत फिरवायचा मोह आवरा; रिंग तुटू शकतात. मी चारही प्लग काढले, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ओतलं आणि वाट पाहिली. रोज संध्याकाळी बँकेतून आल्यावर पुढचं हँडल हाताने जरासं दाबून बघायचो, झटका न देता. अकराव्या दिवशी ते दोन बोटं सरकलं. त्या क्षणी मी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. आई पदराला हात पुसत आली आणि हँडल धरून तिनेही एकदा फिरवून पाहिलं. मोकळं झाल्यावर खालचं ऑइल मात्र लगेच बदला, कारण वरून ओतलेलं रिंगांवाटे त्यात उतरलेलं असतं.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासा. ज्या सिलिंडरचा दाब कमी येईल त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा तपासायचं. दाब वाढला तर रिंग झिजल्यात, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. माझा तिसरा सिलिंडर दुसऱ्या प्रकारातला निघाला. या इंजिनाची रचना वेगळी आहे: आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. खालच्यांना हात घालायचा तर ब्लॉकच्या बाजूची पट्टी काढावी लागते. तिथे व्हॉल्व्ह आणि त्याला उचलणारा टॅपेट यांच्यात फटच उरली नव्हती, व्हॉल्व्ह पुरता बंद होत नव्हता. थंड इंजिनावर ०.०१६ इंचाचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) अडकत-अडकत सरकेल इतकी फट ठेवली आणि दाब बाकीच्यांच्या जवळ आला. हेड उतरवावं लागलं नाही. मूळ कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल घेऊन रात्री वाचत बसायचो, त्याचं फळ हे.

इंजिन बोलायला लागलं की गाडी चालवावीशी वाटते. थांबा. आधी ब्रेक. या गाड्यांत चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) एकाच सर्किटचा, म्हणजे एका चाकाला गळती लागली की चारही ब्रेक गेले. चारही व्हील सिलिंडरचे रबर, तिन्ही रबरी होज, सगळ्या नळ्या बदला. इथे काटकसर नको. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करू नका. रिकाम्या आणि धुतलेल्या टाकीचासुद्धा स्फोट होऊ शकतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो, शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गोव्याच्या दमट हवेत टाकी आतून गंजायला एवढं पुरतं. मी मे अखेरीस टाकी रिकामी करून ठेवतो.

वायरिंग सहा व्होल्टचं आहे. तेवढ्याच ताकदीच्या दिव्याला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून तारा जाड हव्यात आणि अर्थिंगच्या जागा पत्रा उघडा दिसेपर्यंत घासलेल्या हव्यात. माझा सेल हळू फिरायचा, मी बॅटरीला दोष देत राहिलो. खरं कारण अर्थच्या बोल्टखालचा गंज होता.

आणि गंजच खरा शत्रू. आमच्याकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा. घासून उघडा केलेला पत्रा पावसाळ्यात एका रात्रीत तांबडा होतो, म्हणून जेवढं सकाळी घासाल तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर बसलाच पाहिजे. मी एक दरवाजा, मग एक मडगार्ड असं केलं. कुजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करा; भोकावर लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणं म्हणजे आत गंज जपून ठेवणं. वेल्डिंग मला जमत नव्हतं, ते एका टिंकरकडून (पत्र्याचं काम करणाऱ्याकडून) करून घेतलं आणि त्याच्या शेजारी बसून शिकलो. पुढच्या मडगार्डाचा टाका माझा आहे.

रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग टिकाऊ आहे, पण त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक असते. साध्या कापडी मास्कवर तो घरी मारू नका. मी रंग बाहेर करून घेतला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

गेल्या दसऱ्याला गाडी दत्तवाडीच्या दत्त मंदिरापर्यंत नेली. उतारावर ब्रेक मारला की ती अजून डावीकडे ओढते, उजव्या पुढच्या चाकाचा व्हील सिलिंडर पुन्हा उघडून बघायचा आहे. हौद्याचा फाळका (मागची झडप) अजून गोणीत आहे. ब्रेक पुरा झाला की तोच.