स्मरणिकेसाठी स्वतःची माहिती कशी लिहावी

पदवीनंतर २५-३० वर्षांनी भरणाऱ्या स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी माहिती पाठवताना सुरुवात नावापासून करावी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींनी माहेरचे आडनावही अवश्य द्यावे, कारण हजेरीपटावर तेच होते आणि वर्गमित्रांना तेच आठवते.

पुढे पदवीचे वर्ष आणि विद्यापीठाचे त्या वेळचे नाव लिहावे. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्यामुळे नांदेड-लातूरकडच्या एकाच महाविद्यालयातून थोड्या वर्षांच्या अंतराने बाहेर पडलेल्यांच्या पदवी प्रमाणपत्रांवर वेगवेगळी नावे दिसतात. धाराशिव लिहिताना ‘तेव्हाचे उस्मानाबाद’ असे जोडले, तर जुन्या मंडळींची सोय होते.

नोकरीतील बढत्यांची यादी देऊ नये. ती सेवापुस्तकातच शोभते. माझा पहिला मसुदा असाच तीन पानांचा झाला होता आणि संपादक मित्राने तो हसत परत केला. त्याऐवजी एखादा प्रसंग निवडावा: ‘२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा मी तिथेच शिक्षक होतो आणि शाळेत येताना मुले घरून बाटली आणत.’

कुटुंबाविषयी दोन वाक्ये पुरतात. मुलांचे गुण आणि पगाराचे आकडे टाळावेत, जोडीदाराचे निधन झाले असल्यास ते सरळ शब्दांत लिहावे, आणि सज्ञान मुलांची छायाचित्रे किंवा फोन क्रमांक त्यांना विचारूनच द्यावेत.