डेस्कटॉप प्रोसेसरच्या पुढच्या पिढीचा अंदाज कसा बांधायचा

पुढचा प्रोसेसर कोणत्या नावाने येणार यावर सगळ्यात जास्त चर्चा होते, आणि नेमकी तीच गोष्ट कंपनी शेवटच्या महिन्यातही बदलू शकते. नावाच्या मागे लागू नका. प्रोसेसरची रचना सुरू झाल्यापासून तो दुकानात पोचेपर्यंत साधारण चार-पाच वर्षं जातात, म्हणजे पुढच्या पिढीचे बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात. चिप कोणत्या निर्मितीप्रक्रियेवर बनणार, सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) किती वॅट पेलतं, मेमरीचे चॅनेल, म्हणजे मेमरीकडे जाणारे मार्ग, किती, सिलिकॉनच्या तुकड्याचं क्षेत्रफळ किती, हे बऱ्याच अंशी उघड असतं. या मर्यादा आधी मांडल्या, की अंदाजाला उरणारी जागा फार मोठी नसते.

आधी प्रश्न लिहून काढा. "पुढचा प्रोसेसर किती वेगवान असेल?" याला उत्तर नाही. "अमुक तारखेपर्यंत विक्रीला आलेलं सर्वांत वरचं मॉडेल, एका कोअरच्या (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणकाच्या) अमुक चाचणीत, आधीच्या सर्वांत वरच्या मॉडेलपेक्षा १० ते २० टक्के पुढे असेल, शक्यता ७० टक्के" असं वाक्य हवं. तारीख, चाचणी, तुलनेचं मॉडेल आणि शक्यता, यांपैकी एकही सुटलं तर निकालाच्या दिवशी कुणीही आपलंच खरं म्हणू शकतो.

तारीख कशी काढायची

नवी निर्मितीप्रक्रिया डेस्कटॉपच्या आधी बहुधा फोनमध्ये दिसते. फोनची चिप लहान असते आणि लहान चिपांमध्ये दोषामुळे वाया जाणारा वाटा कमी राहतो. प्रक्रियेच्या नावातला नॅनोमीटरचा आकडा जितका लहान, तितकी ती नवी. तैवानची टीएसएमसी इतर कंपन्यांच्या चिप बनवून देते. तिची ७ नॅनोमीटर प्रक्रिया सप्टेंबर २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या ए१२ चिपमधून आली, डेस्कटॉपवर एएमडीच्या झेन मालिकेतला झेन २ जुलै २०१९ मध्ये. ५ नॅनोमीटरची ए१४ चिप २०२० मध्ये, झेन ४ सप्टेंबर २०२२ मध्ये. ३ नॅनोमीटरची ए१७ प्रो सप्टेंबर २०२३ मध्ये, इंटेलचा अ‍ॅरो लेक ऑक्टोबर २०२४ मध्ये. अंतर दहा महिने ते दोन वर्षं. फोन बाजारात आला की हीच मोजपट्टी लावा. फोनच आलेला नसेल, तर अंदाजाची पुढची बाजू किमान एका वर्षाने सैल ठेवा.

दुसरी खूण टेपआउटची, म्हणजे अंतिम आराखडा कारखान्याकडे गेल्याची. तिथून बाजारापर्यंत साधारण एक ते दीड वर्ष लागतं. एएमडीने एप्रिल २०२५ मध्ये 'व्हेनिस' या सर्व्हर चिपचं टीएसएमसीच्या २ नॅनोमीटर प्रक्रियेवर टेपआउट झाल्याचं सांगितलं आणि बाजारासाठी २०२६ साल दिलं. अशी घोषणा सर्व्हरची असली तरी त्याच कोअरच्या डेस्कटॉप चिपसाठी ती चांगला धागा असते.

नुसत्या रोडमॅपवर, म्हणजे कंपनीने जाहीर केलेल्या पुढच्या वेळापत्रकावर, मात्र विसंबू नका. इंटेलची १० नॅनोमीटर प्रक्रिया मुळात २०१६ च्या सुमारास अपेक्षित होती. डेस्कटॉपवर ती 'इंटेल ७' या नावाने आल्डर लेकमधून पोचली नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात २०१५ च्या स्कायलेकचाच कोअर १४ नॅनोमीटरवर २०२० च्या कॉमेट लेकपर्यंत पुन्हा पुन्हा आला. पुढे अ‍ॅरो लेकच्या काही मॉडेलांसाठी ठरवलेली '२०ए' प्रक्रिया सप्टेंबर २०२४ मध्ये, बाजारात यायला महिनाभर उरला असताना, रद्द झाली.

वेगाचा गुणाकार

एका कोअरचा वेग म्हणजे आयपीसी, म्हणजे दर क्लॉकला सरासरी होणारं काम, गुणिले क्लॉक स्पीड, म्हणजे सेकंदाला पडणारे क्लॉकचे ठोके (गिगाहर्ट्झमध्ये). दोन्हींचा अंदाज वेगळा करा आणि मग गुणा. झेन ३ मधलं सर्वांत वरचं मॉडेल ४.९ गिगाहर्ट्झचं होतं, झेन ४ चं ५.७ चं. क्लॉकमधली वाढ १.१६ पट. एएमडीने सांगितलेली आयपीसीची वाढ १३ टक्के, म्हणजे १.१३ पट. गुणाकार १.३१. कंपनीने एका कोअरसाठी प्रत्यक्ष दावा केला २९ टक्क्यांपर्यंतचा. इतक्या साध्या हिशेबाने इतकं जवळ जाता येतं.

पण या उडीतला मोठा भाग क्लॉकचा होता आणि तो दर पिढीला मिळत नाही. झेन ५ पुन्हा ५.७ वरच थांबला, सगळी वाढ १६ टक्के आयपीसीतून आली. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि चालू चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर वीज ३३ टक्क्यांनी वाढते. पेंटियम ४ च्या काळात १० गिगाहर्ट्झची स्वप्नं पाहिली गेली ती सरळ रेष पुढे ओढून. २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचं मॉडेलही रद्द झालं आणि गाडी ३.८ वर अडली.

फाउंड्रीचे, म्हणजे टीएसएमसीसारख्या चिप बनवून देणाऱ्या कारखान्यांचे, आकडे वाचताना 'किंवा' या शब्दावर बोट ठेवा. टीएसएमसीच्या म्हणण्यानुसार २ नॅनोमीटर प्रक्रिया एन३ई च्या (तिच्याच एका ३ नॅनोमीटर प्रक्रियेच्या) तुलनेत तेवढ्याच विजेत १० ते १५ टक्के जास्त वेग देते, किंवा तेवढ्याच वेगाला २५ ते ३० टक्के कमी वीज घेते. हे दोन्ही एकत्र मिळत नाही. शिवाय तो आकडा ट्रान्झिस्टरचा आहे. डेस्कटॉप चिप आधीच क्लॉकच्या टोकाला चाललेली असते, तिथे त्यातला थोडाच भाग हाती लागतो.

सगळे कोअर वापरणाऱ्या कामांत विजेची मर्यादाही तपासा. एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटवर वरच्या मॉडेलांना १४२ वॅटपर्यंत वीज मिळे, झेन ४ सोबत आलेल्या एएम५ वर २३० वॅट. झेन ४ च्या बहुकोअर वाढीतला काही भाग थेट इथून आला. सॉकेट तोच राहणार असेल तर पुढच्या पिढीच्या हिशेबात ही वाढ धरू नका.

कोअर आणि कॅश

इथे सगळ्यात जास्त अंदाज फसतात, कारण "नवी प्रक्रिया म्हणजे सगळंच लहान" असं धरलं जातं. तर्काचा, म्हणजे प्रत्यक्ष गणित करणाऱ्या सर्किटांचा, भाग लहान होतो; कॅश, म्हणजे चिपवरचीच छोटी वेगवान मेमरी, फारशी होत नाही. टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर आणि एन३ई या दोन्ही प्रक्रियांमध्ये एसरॅमच्या (कॅश ज्या मेमरीची बनते तिच्या) एका पेशीचं क्षेत्रफळ ०.०२१ चौरस मायक्रोमीटरच आहे.

याचा परिणाम एका काल्पनिक तुकड्यावर करून पाहा. ७२ चौरस मिलिमीटर, ८ कोअर, निम्मी जागा तर्काला आणि निम्मी कॅश वगैरेंना. नव्या प्रक्रियेत तर्काची घनता १.६ पट झाली तर ३६ भागिले १.६ म्हणजे २२.५, अधिक न आकसलेले ३६, एकूण ५८.५. वाचले १३.५, म्हणजे १९ टक्के. दर कोअरला कॅशसकट ७.३ चौरस मिलिमीटर लागतात, तेव्हा वाचलेल्या जागेत दोन कोअरही पुरते बसत नाहीत. १२ कोअर हवे असतील तर तुकडा सुमारे ८८ चौरस मिलिमीटरचा होईल. एएमडीचे झेन २ पासूनचे आठ कोअरचे तुकडे साधारण ७० ते ८० चौरस मिलिमीटरमध्ये राहिले आहेत. कोअर वाढण्याचं भाकीत करणाऱ्याने ही जास्तीची जागा कंपनी का मोजेल, याचं कारण दिलंच पाहिजे. कॅश वेगळ्या तुकड्यावर रचण्याचा मार्गही यातूनच आकर्षक ठरतो: एप्रिल २०२२ मधल्या एएमडीच्या ५८००एक्स३डी या प्रोसेसरने मूळ ३२ मेगाबाइटवर ६४ ची भर घालून एल३ (कोअरना सामायिक असलेली) कॅश ९६ वर नेली.

दुसरी मर्यादा मेमरीची. साध्या डेस्कटॉपला दोनच चॅनेल असतात आणि सगळ्या कोअरना त्यातूनच भागवावं लागतं. २०१९ च्या झेन २ पासून २०२४ च्या झेन ५ पर्यंत एएमडीच्या डेस्कटॉपवर १६ हीच कमाल राहिली. संख्या घटूही शकते: १४ नॅनोमीटरवर नवा, मोठा कोअर बसवताना इंटेलचा रॉकेट लेक १० कोअरवरून ८ वर आला.

गेमचा अंदाज वेगळाच बांधा, कारण तिथे मेमरीपर्यंत पोचायला लागणारा वेळ आयपीसीइतकाच महत्त्वाचा असतो. झेन ५ ने झेन ४ चाच आयओ तुकडा (मेमरी आणि बाकीच्या जोडण्या सांभाळणारा) वापरला. अ‍ॅरो लेकमध्ये मेमरी कंट्रोलर कोअरपासून वेगळ्या तुकड्यावर गेला. अशी मांडणी कळली, की गेममधली वाढ जाहीर सरासरीपेक्षा कमी धरा.

धागेदोरे कुठे सापडतात

कंपायलर (प्रोग्रॅमचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) आणि लिनक्स कर्नलमध्ये कंपन्या स्वतःच आधी बदल पाठवतात. जीसीसी या कंपायलरमध्ये झेन ५ साठीचा बदल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, प्रोसेसर ऑगस्टमध्ये. यातून प्रोसेसरला समजणाऱ्या नव्या सूचना (इन्स्ट्रक्शन) कळतात, क्लॉक कळत नाही. मेमरीसाठी जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक पाहा: डीडीआर५ या मेमरीचं मानक जुलै २०२० चं, डेस्कटॉपवर ती आली नोव्हेंबर २०२१ मध्ये, डीडीआर४ ला सप्टेंबर २०१२ पासून साध्या डेस्कटॉपपर्यंत यायला ऑगस्ट २०१५ उजाडला. मानक निघाल्यापासून सोळा महिने ते तीन वर्षं धरा. त्यासोबत नवं सॉकेटही येण्याची शक्यता मोठी असते.

फुटलेल्या चाचणीतला एखादा आकडा सर्वांत कमी भरवशाचा. सुरुवातीच्या नमुन्यांचा क्लॉक कमी ठेवलेला असतो आणि आकडे बनावटही असतात. त्यावरून आपली शक्यता फार तर दोन-चार टक्क्यांनी हलवा.

निकाल लागला की गुण काढा. दिलेली शक्यता आणि निकाल (घडलं तर १, नाही तर ०) यांच्यातल्या फरकाचा वर्ग म्हणजे ब्रायर गुण. ८० टक्के म्हटलं आणि घडलं तर ०.०४, नाही घडलं तर ०.६४. कायम ५० टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात, तेव्हा सरासरी त्याच्या खाली हवी. तारीख, क्लॉक, कोअर आणि गेम यांचे गुण वेगवेगळे ठेवा. तारखांचे गुण वाईट आणि बाकीचे बरे असतील, तर रोडमॅपवरचा भरवसा कमी करा आणि गुणाकार तसाच राहू द्या.