स्पॅनिश शिकताना मेक्सिकोची वृत्तपत्रं कशी वाचावीत

स्पॅनिशची दुसरी पातळी झाली असेल, तर मेक्सिकोची वृत्तपत्रं वाचायला घ्या. सुरुवात 'ला होर्नादा'पासून करावी असं मी आग्रहानं सांगेन. 1984 साली सुरू झालेलं हे डावीकडे झुकणारं दैनिक संकेतस्थळावर मोफत वाचता येतं. त्याच्या शेवटच्या पानावर 'रायुएला' नावाची एक-दोन वाक्यांची टिप्पणी असते. रोज तेवढीच नीट वाचा. अंकातली व्यंगचित्रंही पाहा, चालू राजकारण त्यांतून लवकर उमगतं.

मग तीच बातमी 1916 पासून निघणाऱ्या 'एल उनिव्हेर्साल'मध्ये शोधा. मथळा कसा बदलला, कोणाचं म्हणणं आधी घेतलं, हे वहीत टिपून ठेवा. 'रेफोर्मा'ही तुलनेला उत्तम, पण त्याला वर्गणी लागते. 'बाहो रेसेर्व्हा'सारखी निनावी राजकीय सदरं मात्र सध्या सोडा. आडून बोललेलं कळायला तिथली माणसं आधी माहीत असावी लागतात.

मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. तिथले सकाळचे सहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, त्यामुळे ताजा अंक ऑफिस सुटल्यावर आरामात वाचता येतो.

राजधानीबाहेरच्या बातम्यांसाठी स्थानिक पत्रंच गाठा: तिहुआनाचं 'सेता', कुलियाकानचं 'रिओदोसे'. 'रिओदोसे'चे एक संस्थापक हाविएर वाल्देस यांची 15 मे 2017 रोजी भर दिवसा गोळ्या घालून हत्या झाली. तरीही ते साप्ताहिक थांबलं नाही. त्याचे वृत्तान्त सावकाश, पूर्ण वाचा.