डिजिटल डबल बनवताय? या चुका टाळा, स्कॅनचा दिवस परत मिळत नाही

गच्चीवरून पडणं, गाडीखाली येणं, आगीतून पळणं, अशा ठिकाणी खऱ्या ॲक्टरला उभं करता येत नाही म्हणून आपण त्याची थ्रीडी कॉपी बनवतो, तोच डिजिटल डबल. मोठ्या स्टुडिओंकडे यासाठी ढीगभर कॅमेऱ्यांचे रिग असतात, लाइट स्टेज असते, म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी लाइट टाकून चेहरा टिपायचं यंत्र (पॉल डेबेवेक आणि त्यांच्या टीमने २००० साली पहिली लाइट स्टेज दाखवली होती). आपल्याकडे एक कॅमेरा, दोन फ्लॅश आणि ॲक्टरचा अर्धा तास. तेवढ्यातही पडद्यावर चालून जाणारा डबल बनतो, मी बनवलेत म्हणून खात्रीने सांगतो, पण आधी मेहनत कुठे करायची ते कळायला हवं.

आमच्या एका शॉर्टफिल्ममध्ये पात्र तीन मजली इमारतीवरून पडतं असा शॉट होता. मी तीन आठवडे चेहऱ्यावर घालवले, स्किनची छिद्रं, ओठांच्या भेगा, पापणीच्या कडेचा ओलावा, सगळं केलं. शॉट कंपमध्ये (कंपोझिटिंगमध्ये, जिथे डबल आणि खरं शूट एकत्र जोडतात) आला तेव्हा फ्रेममध्ये माणूस १५० पिक्सेल उंच. माणसाचं डोकं साधारण उंचीच्या साडेसाताव्या हिश्श्याएवढं असतं, म्हणजे २० पिक्सेल, त्यात छिद्रं कुठून दिसणार. आणि तरी बघणारा प्रत्येक जण म्हणाला की खोटं वाटतंय, कारण एवढ्या उंचीवरून पडताना त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता, एक सुरकुती हलत नव्हती. तेव्हापासून मी हेच सांगतो की डबल पकडला जातो तो हालचालीवरून, कपड्यांवरून आणि लाइटवरून, आणि चेहऱ्याचा नंबर बऱ्याच नंतर लागतो.

शॉट न मोजता मॉडेलिंगला बसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आधी प्लेटवर (सेटवर शूट केलेल्या मूळ फुटेजवर) एक साधा राखाडी थ्रीडी पुतळा ठेवा, ॲक्टरच्या उंचीचा, कॅमेरा बरोबर मॅच करून, आणि तो किती पिक्सेल येतो ते मोजा. १०८० च्या फ्रेममध्ये दोनशेच्या आत असेल तर फेशियल रिग (चेहरा हलवायची यंत्रणा), डोळ्यांचं शेडिंग, केसांचं ग्रूमिंग हे सगळं सोडून द्या आणि तो वेळ ॲनिमेशनला आणि कपड्याच्या सिम्युलेशनला (कपडा कसा हलेल ते कॉम्प्युटरने काढण्याला) द्या. चेहरा अर्धी फ्रेम भरत असेल तर कमी बजेटमध्ये पूर्ण डबलच्या नादी लागू नका, डिरेक्टरशी बोला, पाठमोरा शॉट घ्या, मध्ये कट टाका, किंवा स्टंटमनला घेऊन फक्त चेहरा बदला. ही मोजणी अर्ध्या दिवसाचं काम आहे.

स्कॅनच्या दिवशी हमखास होणाऱ्या चुका

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, ॲक्टर मात्र निघून गेलेला असतो.

आपला स्कॅन म्हणजे ॲक्टरचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून त्यावरून सॉफ्टवेअरने थ्रीडी मॉडेल बनवणं, यालाच फोटोग्रामेट्री म्हणतात. एका कॅमेऱ्याने भोवती फिरून पूर्ण अंगाचे फोटो काढायला दोन-तीन मिनिटं तरी जातात. तेवढा वेळ कोणीही दगडासारखं उभं राहू शकत नाही, श्वास चालू असतो, अंग डुलतं, बोटं हलतात, आणि मग मेशमध्ये (मॉडेलच्या थ्रीडी जाळीत) कानाला दुहेरी कडा येतात आणि बोटं एकमेकांना चिकटतात. उपाय साधे आहेत. दोन लाइट स्टँड दोन्ही बाजूंना उभे करून त्यावर हात टेकवायला द्या, डोळ्यासमोर भिंतीवर एक खूण लावून तिथेच बघायला सांगा. आणि चेहरा वेगळा स्कॅन करा, बसवून, डोकं मागे टेकवून.

काही जण ॲक्टरलाच फिरत्या पाटावर उभं करतात आणि कॅमेरा एका जागी ठेवतात. हे चालतं, पण मागची भिंत फोटोत दिसत असेल तर सॉफ्टवेअर त्या भिंतीला धरून फोटो एकमेकांशी जुळवायला जातं आणि सगळं गंडतं. मागे एकसारखा रंग ठेवा किंवा प्रत्येक फोटोत मागचा भाग मास्क करून झाका.

सेटिंग सगळं मॅन्युअल. रॉ फॉरमॅट, आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८ च्या आसपास, व्हाइट बॅलन्स लॉक, आणि लागोपाठच्या दोन फोटोंमध्ये किमान ७० टक्के भाग सारखा. पहिल्या फोटोत कलर चार्ट धरायला लावा, नाहीतर पुढे स्किनचा रंग जुळवताना डोक्याला ताप होतो. चेहऱ्यावर चमक येत असेल तर फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर लावून फिरवत जा, चमक मरेपर्यंत, पण उजेड बराच कमी होतो हे लक्षात ठेवा, फ्लॅशची पॉवर वाढवायला लागते. फोनच्या लायडारवर (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरवर) मात्र विसंबू नका, खोलीच्या मापाला ठीक आहे, नाक आणि पापण्या त्यात वितळल्यासारख्या येतात, त्यापेक्षा त्याच फोनने काढलेले साधे फोटो बरे.

हात टी पोझमध्ये आडवे पसरून स्कॅन केलं की खांद्याची कातडी आणि शर्टाची शिवण वर चढलेली येते आणि हात खाली आणला की खांदा चेपतो. ए पोझ घ्या, हात साधारण ४५ अंश खाली. केस फोटोग्रामेट्रीत कधीच नीट येत नाहीत, डोक्यावर घट्ट टोपी घालून कवटीचा आकार घ्या, केस नंतर वेगळे करा. डोळे ओले आणि चकचकीत असल्यामुळे त्यांचाही गोळा येतो, ते कापून वेगळे डोळे बसवा, मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटरचा असतो, याच मापावर अख्खं डोकं तपासता येतं.

आणि कंटिन्यूइटी! आमच्या ॲक्टरने शॉटमध्ये बाह्या दोन घड्या वर केल्या होत्या आणि स्कॅनला मनगटापर्यंत खाली, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही, बाह्या मला नंतर हाताने मॉडेल करायला लागल्या. सेटवरचे फोटो समोर ठेवून मगच स्कॅन सुरू करा.

अजून एक गोष्ट, ॲक्टरची लेखी परवानगी. हा डेटा कुठल्या फिल्मसाठी, कुठल्या शॉटसाठी, किती दिवस ठेवणार, हे कागदावर लिहा. २०२३ मध्ये हॉलिवूडचे ॲक्टर ११८ दिवस संपावर होते, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता. कोणाचं तरी अख्खं शरीर आपल्या हार्ड डिस्कवर आहे, फिल्म लहान असली म्हणून ही जबाबदारी लहान होत नाही.

स्किन मेणाची किंवा प्लास्टरची का दिसते

नव्वद टक्के वेळा लोक शेडरशी (कातडीवर उजेड कसा दिसेल ते ठरवणाऱ्या सेटिंगशी) खेळत बसतात आणि चूक स्केलमध्ये असते. ओबीजे फाइलमध्ये (थ्रीडी मॉडेलच्या एका फॉरमॅटमध्ये) युनिट नसतं. माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सेंटीमीटरमध्ये बनवलेला १८० युनिटचा माणूस तसाच ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणला की तो १८० मीटरचा होतो, आणि मग सबसरफेस स्कॅटरिंग (उजेडाचं कातडीत शिरून पसरणं) त्या मानाने इतकं बारीक पडतं की कातडी प्लास्टरसारखी कोरडी दिसते. उलट मॉडेल फार लहान झालं तर उजेड आरपार जातो आणि माणूस मेणबत्ती होतो. कापडाचंही तेच, राक्षसी स्केलवर शर्ट मोठ्या झेंड्यासारखा संथ हलतो. म्हणून आधी उंची मोजा, मग बाकीचं.

स्किन तेलकट दिसत असेल तर रफनेस मॅप (कातडी कुठे खरखरीत, कुठे चकचकीत ते सांगणारं चित्र) कुठल्या कलर स्पेसमध्ये वाचला जातोय ते बघा. एसआरजीबी (रंगीत फोटोंची कलर स्पेस) ठेवला तर ०.५ ची व्हॅल्यू साधारण ०.२१ होते, म्हणजे चकाकी एकदम वाढते. रफनेस, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट (पृष्ठभागाचे उंचसखलपणा सांगणारे मॅप) हे सगळे नॉन कलर किंवा रॉ ठेवा. डिस्प्लेसमेंट ८ बिटमध्ये सेव्ह केला तर गालावर पायऱ्या दिसतात, तो ३२ बिट ईएक्सआर फाइलमध्ये ठेवा.

गॉसियन स्प्लॅटचं (फोटोंवरून जाळीऐवजी रंगीत ठिपक्यांचा थ्रीडी माणूस बनवण्याचं) विचाराल तर २०२३ नंतर ते फार सोपं झालंय आणि दिसतंही सुंदर, पण त्यात स्कॅनच्या वेळचा लाइट भाजून बसलेला असतो, रात्रीच्या शॉटमध्ये दुपारचा माणूस घालता येत नाही.

हालचाल

मिक्सामोवरून (तयार हालचालींच्या वेबसाइटवरून) तयार क्लिप घेऊन चिकटवली की तो ॲक्टर राहत नाही. प्रत्येकाची एक लकब असते, आमच्या ॲक्टरचा डावा खांदा किंचित खाली असायचा, एवढं घातलं आणि लांबूनही ओळखू यायला लागला. शूटच्या दिवशी त्याला चालताना, वळताना, दचकताना पुढून आणि बाजूने शूट करून ठेवा, मोकॅप सूट (अंगाची हालचाल टिपणारा) नसला तरी त्यावरून हाताने ॲनिमेट करता येतं.

पडण्याच्या शॉटमध्ये गणित करा. पहिल्या सेकंदात माणूस ४.९ मीटर खाली येतो, म्हणजे १० मीटरची उंची २४ फ्रेमच्या वेगाने जवळपास ३४ फ्रेममध्ये संपते. आमचं ॲनिमेशन ६० फ्रेमचं होतं, माणूस तरंगत होता, आणि शर्ट सोडून दुसरी चूक तीच होती. कापडाचं सिम्युलेशन शॉटच्या ४०-५० फ्रेम आधी ए पोझपासून सुरू करा म्हणजे पहिल्या फ्रेमला कपडा अंगावर नीट बसलेला असतो.

लाइट आणि कंप

एचडीआरआय (सेटवरचा सगळा लाइट टिपणारा चौफेर फोटो) काढताना सूर्य क्लिप झाला, म्हणजे त्याचा पूर्ण उजेड फोटोत मावला नाही, की डबलची सावली फिकी पडते, सूर्याचा वेगळा लाइट लावा. त्याच जागी, त्याच लाइटमध्ये, ॲक्टरला दहा सेकंद सावकाश गोल फिरायला लावून शूट करा, याला काही खर्च नाही आणि पुढे मॅच करताना सगळ्यात जास्त हेच कामाला येतं. कंपमध्ये व्ह्यूअरचा गॅमा वर चढवून बघा, डबलचे काळे भाग प्लेटपेक्षा जास्त काळे असतील तर लगेच कळतं. लेन्सचं डिस्टॉर्शन, ग्रेन आणि मोशन ब्लर प्लेटसारखे करा, १८० अंश शटर असेल तर ब्लर अर्ध्या फ्रेमचा.

आमचा गच्चीचा शॉट शेवटी सुटला तो असा, चेहऱ्याला हात लावला नाही, शर्ट नव्याने सिम केला, पडणं ३४ फ्रेमवर आणलं, आणि तोल जातानाचे पहिले सहा फ्रेम खऱ्या ॲक्टरचे ठेवले. सातव्या फ्रेमला त्याचा हात चेहऱ्यासमोर येतो, तिथेच डबल घुसवला.